काम वाट बघणारं आहे का? वय झाल्यावर मळा कसा हलका करायचा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 63, दिंडोरीकडं चार एकर, त्यात दीड एकर द्राक्ष, बाकी कांदा-टमाटा, तीन गायी, मुलगा पुण्याला नोकरीत, गुडघे कुरकुरायला लागलेत, चारी ओलांडताना आता विचार करावा लागतो, आणि घरात रोज एकच विषय की सगळं विकून नाशकात फ्लॅट घ्यायचा का मळ्यावरच राहून काम कमी करायचं, आणि कमी करायचं तर नेमकं काय. मी निफाड तालुक्यातला, कादवेच्या काठचा. 71 चालू आहे. तीसेक वर्षं द्राक्ष केली आणि गेली दहा वर्षं तेच करतोय जे तुम्हाला करायचंय. त्यात जे चुकलं तेच जास्त सांगतो, कारण जमलं ते बरंचसं नशिबानं जमलं.

सगळे म्हणतात काम निम्मं करा. मी पण तेच केलं. दोन एकर बाग होती, एक एकर काढून टाकली, म्हटलं आता निम्मा ताप. काही नाही हो. पाऊस उघडल्यावर डावणीचा (बुरशी रोगाचा) फवारा एक एकराला मारायचा का दोन, रात्री उठायचं ते उठायचंच. मजुरांची टोळी पेठ-सुरगाण्याकडून आणायची, त्यांच्या मुकादमाला फोनवर फोन करायचे, ते एका एकरासाठी पण तेवढेच करायचे, उलट एकरभरासाठी टोळी लवकर यायला तयार होत नाही. म्हणजे उत्पन्न निम्मं झालं आणि डोक्याचा ताप तेवढाच राहिला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की किती काम आहे हे मोजायचंच नाही. कोणतं काम माझी वाट बघतं आणि कोणतं बघत नाही, हे मोजायचं. लिंबाची आळी आज खांदली काय आणि पुढच्या सोमवारी खांदली काय, लिंबाला काही नाही. कुंपणाची तार, शेणखताचा ढीग हलवणं, बांधावरचं गवत, ही सगळी वाट बघतात, तुम्ही दोन दिवस तापानं पडलात तरी तिथंच असतात. पण जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगावेत म्हणून घड औषधात बुडवणं, वाट बघत नाही. फ्लॉवरिंगमधली विरळणी वाट बघत नाही. काढणीला आलेला कांदा आणि वर आभाळ, हे बघत नाही. आणि गाय तर अजिबात बघत नाही, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच, दिवाळी असो का मयत असो.

तरुणपणी दोन्ही कामं सारखीच वाटतात कारण अंगात रेटा असतो. साठीनंतर कष्टाला माणूस कमी पडत नाही, वेळेला कमी पडतो. आजही मी दिवसात पाच-सहा तास काम करतो, पण कोणते पाच तास हे माझं मी ठरवतो, आणि कमरेत चमक भरली तर त्या दिवशी करतच नाही.

हे मला कसं कळलं ते ऐका. 2015 चा नोव्हेंबर संपत आलेला. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तेव्हा रात्रीची पाळी होती. दोन वाजता व्हॉल्व्ह बदलायला गेलो. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, पायात साधी चप्पल, डोक्याला मफलर, त्यामुळं एक कान बंद. चारीच्या कडेला शेवाळ, पाय सरकला आणि घोटा खाली आडवा आला. कट्ट असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. फोन घरात चार्जिंगला. कुत्रं भुंकत होतं पण मळ्यावर कुत्रं भुंकतं म्हणून कोण उठतंय, त्यात तेव्हा शेजारच्या उसात बिबट्याचं येणं-जाणं चालू होतं. हिला जाग आली ती मोटारीच्या आवाजामुळं, म्हणजे मोटार बंद व्हायच्या वेळी बंद झाली नाही म्हणून. तोपर्यंत तास-सव्वा तास मी तिथंच ओल्या मातीत.

प्लास्टर सहा आठवडे. आणि मणी तेव्हा 6-7 एमएमला आलेले, डिपिंग तोंडावर. मी खाटेवर पडून फोनवर सांगतोय, पोरं हो हो करतायत, डिपिंग चार-पाच दिवस उशिरा झालं आणि ते पण अर्ध्या ओळींना नीट नाही. साईज आली नाही, माल लोकल बाजारात गेला. पायाचं दुखणं मार्चपर्यंत मी विसरलो होतो, त्या चार दिवसांचा हिशोब मात्र अजून डायरीत आहे.

तर तुमच्या मळ्याला हीच चाळणी लावा.

द्राक्ष पहिली जाणार, हे तुम्हाला आवडणार नाही पण सांगतो. मुलगा येणार नसेल आणि घरात पन्नाशीच्या आतला कुणी रोज बागेत जाणारा नसेल तर दीड एकर बाग ही 65 नंतरची वस्तू नाही. काढवत नसेल तर एखादा हंगाम वाट्यानं देऊन बघा, पण फवारणी कुठल्याही परिस्थितीत स्वतः करू नका. ब्लोअर असो का एचटीपी पंप, ते सगळ्यात आधी सोडायचं. मास्क-गॉगल लावून या वयात उन्हात गुदमरायला होतं म्हणून माणूस मास्क काढतो, आणि मग औषध सगळं आतच. मी चुलीजवळ आठ वेली ठेवल्यात मांडवावर, सोनाका जातीच्या. पाखरं निम्मी खातात, नातवंडं निम्मी. त्याचं कुणाला काही देणं नाही.

त्या जागी काय लावायचं? मी लिंबू लावलं, राहुरी विद्यापीठाचं साई सरबती, सहा बाय सहा मीटरवर, म्हणजे एकरी साधारण 110 झाडं. लिंबू श्रीमंत करत नाही पण थांबतं, आणि वर्षभर थोडं थोडं देतं. एक गोष्ट कुणी सांगत नाही, लिंबाला काटे असतात आणि म्हाताऱ्या हाताची कातडी कागदासारखी होते, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर एक काटा अर्धा तास वाहतो. म्हणून मी तोडतच नाही, पडलेलं वेचतो नाहीतर लांब आकडीनं हलवतो. आवळा त्याहून सोपा, पण त्याचे भाव म्हणजे काही विचारू नका. केशर आंबा चांगला, फळ धरलं की व्यापाऱ्याला झाडावरच ठोक देऊन मोकळं व्हायचं, दोन पैसे कमी मिळतील पण शिडीवर चढणं वाचेल. शिडी हा विषयच बंद करा.

पण बघा, लिंबू हाताला लागायला चौथं वर्ष उजाडतं. म्हणजे आज 63 ला लावलं तर 67 ला पैसा. लोक हे अंग पूर्ण दमल्यावर करतात, मग झाड लहान आणि आपण म्हातारे, मधली चार वर्षं कोण भरून देणार? म्हणून अजून हातात दम आहे तेव्हाच लावायचं, आणि तोपर्यंत मधल्या पट्ट्यात कांदा-हरभरा दुसऱ्याला वाट्यानं द्यायचा.

वाट्यानं द्यायचं म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. भीती अगदीच खोटी नाही. मी दोन गोष्टी पाळतो. करार लेखी, अकरा महिन्यांचा, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावरची पिकाची नोंद, दुसऱ्याच्या हातात कधीच द्यायची नाही, 2021 पासून ती मोबाईलवर आपली आपल्याला करता येते, तर दर हंगामाला स्वतः बांधावर उभं राहून फोटो काढायचा. एवढं केलं की बाकी वाटेकऱ्याशी गोड राहायचं. त्याच्या शेतात रोज जाऊन हे असं का केलं ते तसं का केलं असं विचारत बसलात तर तो दुसऱ्या वर्षी येणार नाही. मला हे शिकायला तीन वाटेकरी लागले.

आता गायी. तीन एचएफ (जास्त दुधाच्या विलायती जातीच्या) गायी म्हणजे रोज दोन वेळा हजेरी, चारा कापणं, शेण काढणं. दोन विकून टाका, पण भाकड असताना विकू नका, गाभण असताना व्यायच्या महिना-दीड महिना आधी विकली तर चांगला भाव येतो आणि पुढची गडबड घेणाऱ्याच्या गोठ्यात होते. एक ठेवायची का तेही वहिनींना विचारा. खरंच विचारा. कारण आमच्याकडं काय झालं सांगतो. मी काम कमी केलं तेव्हा मी कमी केलं, हिचं काही कमी झालं नाही. उलट मी दुपारी घरी, म्हणून चहा दोनाचा पाच झाला, मी घरी म्हणून भेटायला येणारी माणसं वाढली, आणि गाय तर पहिल्यापासून तीच पिळत होती. दीड वर्षानं एकदा ती शांतपणे म्हणाली, तुम्ही रिटायर झालात, माझी ऑर्डर कधी निघणार? तेव्हा शेवटची गाय पण दिली. आता दूध आम्ही शेजारून एक लिटर घेतो, पहिले आठ दिवस मला लाज वाटली की शेतकऱ्यानं दूध विकत घ्यायचं, नंतर काही नाही. बायामाणसांच्या कामात बसून-वाकून करायचं जास्त असतं, निवडणं, सारवणं, धुणं, तर तिथं आधी बदल करा. कांदा निवडायला आम्ही जुन्या दाराचं टेबल केलं कमरेएवढं, दोघं उभं राहून नाहीतर उंच स्टुलावर बसून निवडतो. शंभर रुपयाचं पण सामान लागलं नाही आणि तिची पाठ वाचली.

पाण्याचं बोलू. रात्रीचं पाणी भरणं आजपासून बंद, यात चर्चा नाही. घसरणं आहे, बिबट्या आहे, घोणस आहे. विहिरीवर विजेचं कनेक्शन नसेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज करा, जनरलवाल्याला 10 टक्के भरावे लागतात, अडीच ते पाच एकरवाल्याला 5 एचपी मिळतो, आणि सौर म्हणजे पाणी दिवसाच. पण आधीपासून वीज आहे तर त्यात बसत नाही, तुमचं तसंच असेल असं वाटतंय. मग मी केलं तसं करा, मळ्यात जी उंच जागा आहे तिथं सिमेंटची टाकी बांधली, मोटारीला ऑटोस्विच आणि ड्राय-रन प्रिव्हेंटर लावला, म्हणजे विहीर उपसली तर मोटार जळत नाही. रात्री लाईट येईल तेव्हा टाकी भरते, मी झोपलेला असतो, सकाळी चहा घेऊन जातो आणि कॉक फिरवतो, उतारानं ठिबक चालतं. द्राक्षाला हे पुरलं नसतं. लिंबाला पुरतं. पीक बदललं की बाकीचं पण बदलता येतं ते असं.

शरीराचं मी डॉक्टर नाही, पण स्वतःवर प्रयोग झालेत म्हणून सांगतो. म्हातारपणी तहान उशिरा लागते, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं तरी ते जाणवत नाही, म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही, बांधावर तांब्या ठेवायचा आणि प्रत्येक ओळ संपली की दोन घोट. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करणारं औषध असेल तर मार्चमध्येच डॉक्टरला दाखवून यायचं की उन्हाळ्यात हाच डोस का, आपल्या मनानं बंद करायची नाही. मी एप्रिलमध्ये खाली बसून आळं करत होतो, झटकन उठलो आणि डोळ्यांपुढं सगळं पांढरं. आता उठताना आधी एक गुडघा, मग झाडाला हात, मग दहा आकडे मोजून सरळ. हसतात पोरं, हसू दे.

उन्हाळ्यात सहा ते साडेनऊ, मग थेट संध्याकाळी पाचनंतर. काम करताना शेजारच्याशी एक अख्खं वाक्य दम न लागता बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणं, विनाकारण घाम, असं काही वाटलं तर ओवा खाऊन वाट बघायची नाही, 108. साप चावला तरी तेच, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, त्या माणसाला चालवायचं नाही. गमबूट, काठी, चांगला टॉर्च, आणि फोन खिशात, चार्जिंगला नाही. काठीची लाज वाटते ना? मला पण वाटायची. मग मी काठीला खालून छोटं खुरपं बसवलं, आता ती अवजार आहे, गवत दिसलं की उभ्या उभ्या टोचून काढतो. लोकांना वाटतं नाना काम करतायत.

वजन पण असंच. पन्नास किलोची गोणी उचलणं मी साठाव्या वर्षी सोडायला पाहिजे होतं, चौसष्टला सोडलं. क्रेट अर्धं भरायचं, दोन चकरा जास्त. घमेलं पण अर्धं. आधी मला अर्धं घमेलं उचलताना उगाच आजूबाजूला बघितलं जायचं, कुणी बघतंय का म्हणून.

हा अभिमानाचा भाग गुडघ्यापेक्षा जड असतो. आम्ही दरवर्षी चैत्रात गडावर जातो, सप्तशृंगीच्या पायऱ्या मी एका दमात चढायचो, गावात त्याचं नाव होतं. 2018 ला तिथं ट्रॉली सुरू झाली तर मी दोन वर्षं हट्टानं त्यात बसलो नाही. नंतर बसलो. देवीनं काही विचारलं नाही. शिवारात पण तसंच आहे, पहिलं वर्षभर लोक विचारतात, काय नाना, बाग काढली? थकले का? दुसऱ्या वर्षी ते विचारत नाहीत, लिंबाचं रोप कुठून आणलं ते विचारतात.

मोकळा वेळ मात्र सुरुवातीला खायला उठतो, त्याची तयारी ठेवा. नांदूरमध्यमेश्वर आमच्यापासून गाडीवर वीस मिनिटं, जन्मभर तिथून कालव्याच्या आवर्तनाची चौकशी केली, पण पक्षी बघायला कधी गेलो नव्हतो, 2020 ला ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि पेपरात वाचून पहिल्यांदा खाणगाव थडीला गेलो. थंडीच्या दिवसांत रोहित, चक्रवाक, कसली कसली बदकं. आता जानेवारीत दोन-तीन वेळा जातो. जानेवारीत पूर्वी मला मान वर करायला वेळ नसायचा.

फ्लॅटचं काय. मी विकू नका असं सरसकट म्हणणार नाही. माझी कसोटी एकच, रात्री मोठ्यानं हाक मारली तर ऐकणारा माणूस आहे का, आणि भर पावसाळ्यात गाडी दारापर्यंत येते का. दोन्हीला हो असेल तर बिनधास्त मळ्यावर राहा. नाही असेल तर फ्लॅटच्या आधी गावठाणातलं जुनं घर बघा. आपल्याकडं बहुतेकांचं असतं, पडकं, कांद्याच्या गोण्या टाकलेलं. ते नीट करून पावसाळ्यात आणि थंडीत रात्री गावात झोपायचं, सकाळी मळ्यावर यायचं. आम्ही आता तेच करतो, जून ते जानेवारी. ओळखीची माणसं, किराणा, दवाखाना चालत, आणि मळा पण सुटत नाही. फ्लॅट घ्यायचाच असेल तर आधी एक पावसाळा भाड्यानं राहून बघा. आमच्या नात्यातले एकजण घाईघाईत पाथर्डी फाट्याकडं चौथ्या मजल्यावर गेले, सहा महिन्यांत रोज बसनं गावाकडं यायला लागले, आणि जमीन तर विकून बसलेले.

विकण्याइतकाच घाईचा दुसरा प्रकार म्हणजे पोराच्या नावावर करून मोकळं होणं. सातबारा जिवंतपणी आपल्या नावावर राहू द्या, मृत्युपत्र करा, रजिस्टर केलेलं बरं. बक्षीसपत्र करायचंच झालं तर त्यात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. ती पाळली नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात, कलम 23 खाली, प्रांताकडं जाऊन ते रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेलीच नसेल तर भांडण लांबतं. पोरगा चांगला आहे हो तुमचा, माझाही आहे. कागद पोरासाठी नसतो, पुढं काय वेळ येईल त्यासाठी असतो.

शेवटी तुमचं आत्ताचं. फेब्रुवारी संपत आलाय, तुमचा माल निघाला की एप्रिलची खरड छाटणी येईल. निर्णय त्याच्या आधी घ्या, कारण एकदा एप्रिलची छाटणी केली, शेणखत टाकलं, की झालेल्या खर्चापायी आणखी एक वर्ष बाग ठेवली जाते, मी असं दोन वेळा फसलो. सगळी एकदम काढायचा जीव होत नसेल तर विहिरीपासून लांबची, उताराची बाजू आधी काढा. जेसीबी लावायच्या आधी मांडवाची तार सोडवून घ्या, गाठी कापू नका, उलगडा, दोघं बसून चार-पाच दिवसांचं काम आहे आणि ते वाट बघणारं काम आहे. मांडवाचे लोखंडी अँगल लगेच भंगारात घालू नका, भंगारवाला पहिला भाव पाडूनच सांगतो, आणि चांगले अँगल शेजारी बागवाले किलोवर नेतात. तारेची दोन-तीन मोठी बंडलं मात्र घरी ठेवा, लिंबाला पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून कुंपण लागतं.